पेटीतली पेटी

नातवाच्या बाप्तिस्म्याला हैदराबादला जाताना आपली पेटी बरोबर न्यायची, असं मी एका रविवारी जेवता जेवता ठरवलं. पेटी म्हणजे हार्मोनियम. (हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण या एका शब्दाने पुढे माझे जे हाल केले ते तुम्हाला नीट कळायला हवेत.) ठरवायला मला अर्धी चपाती संपेपर्यंतचा वेळ लागला. निस्तरायला तीन विमानतळ आणि एक निवृत्त हवालदार लागला.

मी योसेफ भिंगारदिवे. नगरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळतो. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय. तसं लिहिलेली शेकडो पत्रं मीच रोज आवक करतो, पण तोंडातून नगरच निघतं.) अपुरे भरलेले अर्ज परत पाठवणं हे माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. त्याशिवाय दर रविवारी आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवतो. त्यालाही तेवढीच वर्षं झाली. ते काम मला नेमकं कुणी दिलं, हे आता कुणालाच आठवत नाही.

आमची मुलगी कृपा हैदराबादला एका दवाखान्यात नर्स आहे. तिला मुलगा झाला, नाव नोहा ठेवलं, आणि बाप्तिस्म्याची तारीख ठरली. फोनवर ती मला म्हणाली की लहानपणी तिला झोपवताना मी जे भजन म्हणायचो, ते नोहासाठी म्हणावं. सासरची सगळी माणसं तेलुगू बोलणारी, चर्चमध्ये मराठी कुणाला कळणार नाही, तरी तिला तेच हवं होतं. माझे डोळे भरून आले. पेटीचा उल्लेख तिने केला नव्हता, याची सिल्व्हियाने नंतर मला पाच-सहा वेळा आठवण करून दिली.

सिल्व्हिया म्हणजे माझी पत्नी. प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसभराचं बोलणं शाळेतच संपत असल्यामुळे घरी ती मोजकं बोलते. माझा बेत ऐकून ती एवढंच म्हणाली की हैदराबाद एवढं मोठं शहर आहे, तिथे एखादी पेटी मिळेल. मी तिला समजावलं की वाजवणाऱ्याचा हात आणि त्याची पेटी यांचं एक नातं असतं, परक्या पेटीला आपला हात कळत नाही. तिने आमटी वाढून घेतली. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आता प्रश्न होता पेटी कशात न्यायची. तिचं मूळचं लाकडी खोकं कधीच खिळखिळं झालेलं. तेव्हा मदतीला धावले आमचे शेजारी गहिनीनाथ खाडे. हे मूळचे जामखेडकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारी घर बांधून राहिले. त्यांनी माळ्यावरून आपली काळी पत्र्याची ट्रंक काढून दिली. तिच्यावर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: हवालदार जी. बी. खाडे. त्याखाली त्यांचा फौजेतला नंबर, त्याखाली नगरचा पत्ता, आणि सगळ्यात खाली मोबाईल नंबर. हा नंबर त्यांनी निवृत्तीनंतर रंगवून घेतला होता, कारण ट्रंक नातेवाइकांच्या लग्नांत फिरायची आणि परत यायला विसरायची.

मी म्हटलं, वरून माझ्या नावाचा कागद चिकटवतो. पण ट्रंकेवरच्या त्या अक्षरांकडे गहिनीनाथ ज्या मायेने बघत होते, ते पाहून कागद मी तसाच खिशात ठेवला. पेटी दोन चादरींत गुंडाळून आत ठेवली, कडेने सिल्व्हियाचा जुना स्वेटर कोंबला, आणि झाकण लावलं. अशी पेटीत पेटी बसली.

शुक्रवारी आम्ही शिर्डीच्या विमानतळावर पोहोचलो. विमानाने जायची आम्हा दोघांचीही पहिलीच वेळ. काउंटरवरच्या मुलीने आमची बॅग पट्ट्यावर ठेवून घेतली, पण ट्रंक बघून ती थांबली. हिचे कोपरे टोकदार आहेत, ही पट्ट्यावरून जाणार नाही, पलीकडे मोठ्या सामानाचं वेगळं मशीन आहे तिथे तुम्ही स्वतः घेऊन जा, असं तिने सांगितलं. मग एक लांब पांढरी चिकटपट्टी छापून तिने ती ट्रंकेच्या कडीत अडकवली. तिच्यावर आकडे आणि काळ्या उभ्या रेघा होत्या. हाच तो टॅग. त्याचं एक लहान पिल्लू तिने माझ्या बोर्डिंग पासवर चिकटवलं आणि हसून म्हणाली, 'हॅपी जर्नी, हवालदारसाहेब.'

इथे मी तिला दुरुस्त करायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं आवक-जावकला बसलेल्या माणसाला असा मान कधी मिळतो? मी छाती थोडी पुढे काढली आणि ट्रंकेची ट्रॉली ढकलत पलीकडे निघालो. सिल्व्हिया दोन पावलं मागून चालत होती. (ओळख दाखवायची की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.)

मोठ्या सामानाच्या मशीनपाशी सृष्टी नावाची एक मुलगी बसली होती. नाव छातीवरच्या पट्टीवर होतं, आणि बोलण्यावरून जवळच्याच गावची वाटत होती. ट्रंक मशीनमधून गेली. सृष्टीने पडद्याकडे बघितलं, मग ट्रंकेकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ओळीने लावलेल्या पितळेच्या बारीक पट्ट्या दिसत होत्या, स्प्रिंगा दिसत होत्या, आणि मधोमध काहीतरी घडीघडीचं होतं.

'हवालदारसाहेब, या पेटीत काय आहे?'

'पेटी.'

'पेटी दिसतेय मला. पेटीच्या आत काय आहे?'

'आत पेटीच आहे.'

'बरं. म्हणजे रिकामी आहे?'

'रिकामी कशी असेल? भरपूर हवा भरते ती.'

सृष्टी शहाणी मुलगी होती. तिने मोठा श्वास घेतला आणि शांतपणे विचारलं, 'आतल्या पेटीत काय असतं, काका?' (हवालदाराचा काका इथेच झाला.)

'सूर असतात,' मी म्हणालो.

तेवढ्यात वर स्पीकरवर कसलीतरी सूचना सुरू झाली.

'सुरे?'

'हो, वडिलांच्या वेळचे. पण अजून एकदम तेज आहेत.'

'आणि तुम्ही ते कुठे वापरता?'

'चर्चमध्ये. दर रविवारी.'

सृष्टी खुर्चीतून उठली आणि तिच्या साहेबांना घेऊन आली. साहेबांनी मला ट्रंकेपासून चार पावलं लांब उभं राहायला सांगितलं. सिल्व्हिया आधीच दहा पावलं लांब उभी होती, तिला सांगावं लागलं नाही. मला अजूनही कळत नव्हतं की हार्मोनियमला हे लोक एवढे का दचकतात. शेवटी सिल्व्हियाने पुढे येऊन, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं, सूर आणि सुरा यांतला फरक समजावून सांगितला. साहेबांनी ट्रंक उघडायला लावली. चादरी सुटल्या, पेटी बाहेर आली. तरीही साहेबांना पुरावा हवा होता, ते म्हणाले, वाजवून दाखवा.

मी ट्रॉलीवरच पेटी ठेवली, उभ्यानेच भाता हलवला आणि कृपाचं भजन वाजवायला घेतलं. त्या दिवशी बाबांचं दर्शन करून परत निघालेला एक मोठा तेलुगू जथा मागेच रांगेत उभा होता. त्यांना माझं भजन कळलं नाही, मला त्यांची भाषा कळत नाही, पण पेटीचा आवाज ऐकून त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि माझ्या चालीवर त्यांचं स्वतःचं भजन सुरू केलं. दोन्ही भजनं जुळत नव्हती. तरी एक आजी डोळे मिटून डोलत होत्या. कुणीतरी पेटीवर पेढा ठेवला. साहेबांनी हात जोडले आणि आवरा आता म्हणाले.

या गडबडीत पेटी परत चादरींत गुंडाळून ट्रंक बंद केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कडीतला तो लांब टॅग सुटून माझ्या हातात आलाय. आता माझी कचेरीतली सवय अशी, की सुटा कागद दिसला की तो सांभाळून ठेवायचा. सुटा कागद उघड्यावर ठेवला की हरवतो, हे मी नव्या कारकुनांना शिकवत आलोय. मी टॅगची व्यवस्थित चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

ट्रंक न्यायला आलेल्या माणसाने विचारलं, टॅग लावलाय ना? मी खिशावर हात मारून म्हणालो, 'आहे, नीट आहे.' त्याने ट्रंक उचलली.

विमानात मला खिडकी मिळाली. बाहेर दोन विमानं उभी होती, एक आमचं आणि एक पलीकडे. थोड्या वेळाने सामानाची एक लहान गाडी आली. तिच्यावर आमची काळी ट्रंक स्पष्ट दिसत होती, वरची पांढरी अक्षरंसुद्धा. गाडी आमच्या विमानाजवळून गेली आणि पलीकडच्या विमानापाशी थांबली. दोन माणसांनी ट्रंक किती काळजीपूर्वक आत चढवली, हे मी सिल्व्हियाला कौतुकाने दाखवलं. तिने विचारलं, ते कुठलं विमान?

'सामानाचं असेल,' मी म्हणालो.

मला खरंच तसं वाटलं. एस.टी.च्या टपावर जशी पोती वेगळी, तसं इथे माणसांचं विमान वेगळं आणि सामानाचं वेगळं असणार, शिवाय आमच्या सामानाचा प्रकार खास. सिल्व्हियाने माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पण तिचीही पहिलीच वेळ होती, त्यामुळे तिला वाद घालता येईना. पलीकडचं विमान आमच्या आधी उडालं. बरं झालं, मी म्हटलं, आपल्या आधी पोहोचेल.

हैदराबादला उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिलो. आमची बॅग आली. मी म्हटलं, आता ट्रंक. पट्टा फिरत राहिला. शेवटी एक कुणाची तरी निळी छत्री तेवढी गोल गोल फिरत उरली आणि मग पट्टाही थांबला. सामानाचं विमान मागे राहिलं असेल, मी सिल्व्हियाला सांगितलं. तिने विचारलं, मग आपली बॅग माणसांच्या विमानातून कशी आली? मी बॅग उचलली आणि चौकशीला निघालो.

हरवलेल्या सामानाच्या टेबलावर एक तरुण बसला होता. हैदराबादी हिंदीत अतिशय गोड बोलायचा. त्याने मला एक रंगीत तक्ता दाखवला. त्यावर जगातल्या सगळ्या प्रकारच्या बॅगांची चित्रं नंबर घालून छापलेली होती: चाकांची, बिनचाकांची, उभी, आडवी, पाठीवरची. यातली तुमची कुठली, असं त्याने विचारलं. आमची त्यात नव्हती. मग त्याने एक फॉर्म दिला. फॉर्म बघून मला जरा धीर आला. फॉर्म भरणं म्हणजे माझ्या घरचं काम. मी सुवाच्य अक्षरांत सगळे रकाने भरले, खाली सही, तारीख, आणि फॉर्म अभिमानाने पुढे सरकवला.

त्याने तो वाचला आणि मला परत केला. अपूर्ण आहे म्हणाला.

(अठ्ठावीस वर्षांत मी हे वाक्य किती लोकांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. स्वतः ऐकायला ते फार वाईट असतं.)

वस्तूचं नाव या रकान्यात मी 'पेटी' लिहिलं होतं आणि आतील सामान या रकान्यातही 'पेटी' लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, एकच गोष्ट दोनदा लिहिली. मी म्हटलं, गोष्टी दोन आहेत, नाव एक आहे. तो म्हणाला, मग बाहेरच्या पेटीचं वर्णन करा. मी सांगितलं, काळी, पत्र्याची, वर हवालदार खाडे असं नाव. त्याने माझं ओळखपत्र बघितलं आणि विचारलं, खाडे कोण? मी म्हटलं, शेजारी. शेजारी कुठे आहेत? नगरला. मग त्यांची पेटी तुमच्याकडे कशी? मी म्हटलं, पेटी त्यांची, पण आतली पेटी माझी. त्याने पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला.

मग त्याने टॅगचा नंबर विचारला. बोर्डिंग पासवर पिल्लू आहे, ते दाखवा, असं तो सांगत होता. मला वाटलं, पिल्लू कशाला, आपल्याकडे अख्खा टॅग आहे. मी शर्टाच्या खिशातून ती चौपदरी घडी काढली, उलगडली आणि टेबलावर हाताने सपाट करून ठेवली.

तो तरुण टॅगकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

'साहेब,' तो शेवटी म्हणाला, 'हा टॅग सामानाला लावतात. तो वाचूनच सामान कुठल्या विमानात घालायचं ते आमच्या माणसांना कळतं. आत्ता तुम्ही हरवला असतात, तर आम्ही तुम्हाला अर्ध्या तासात शोधून काढलं असतं.'

सिल्व्हिया खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, म्हणून मी जवळ गेलो. रडत नव्हती.

त्या मुलाने नंतर मला समजावून सांगितलं, की प्रवाशाबरोबर जातं त्याला बॅगेज म्हणायचं आणि प्रवाशाशिवाय एकटं जातं ते कार्गो. तुमचं सामान निघालं बॅगेज म्हणून, पण आता कार्गोसारखं कुठेतरी एकटं फिरतंय. तुम्ही घरी जा, आम्ही शोधतो. माझ्या डोळ्यांपुढे ट्रंक आली, काळोखात एकटी, पोटात पेटी घेऊन. ती वडिलांची पेटी. त्यांनी वयाच्या साठाव्या वर्षी स्वतःच्या हाताने ती माझ्या पुढ्यात ठेवली होती.

कृपाच्या घरी नोहाला मांडीवर घेतलं तेव्हा जरा बरं वाटलं. पण रविवार दोन दिवसांवर आला होता. शनिवारी सकाळपासून मी फोन जवळ घेऊन बसलो. दुपारी तो वाजला. आनंदाची बातमी होती: ट्रंक सापडली, चेन्नईला. ते पलीकडचं विमान चेन्नईचं होतं. मी म्हटलं, देवाची कृपा, आता हैदराबादला पाठवा. पलीकडची बाई म्हणाली, सॉरी सर, मालकांच्या सूचनेप्रमाणे ती सकाळीच शिर्डीच्या विमानात चढवली, तिथून त्यांच्या घरी पोहोचवणार आहोत. मी म्हटलं, मालक मी आहे. तिने कागद बघितला आणि अतिशय आदराने सांगितलं, की मालक हवालदार खाडे आहेत, त्यांच्याशी आमचं बोलणं झालंय.

विमान परत वळवता येईल का, असंही मी विचारलं. ते येत नाही.

मी गहिनीनाथना फोन लावला. ते अजून त्या फोनच्या धक्क्यातच होते.

'भाऊसाहेब, सकाळी फोन आला, तुमची पेटी चेन्नईत घावली म्हनून. म्या कट केला. आसं पार्सल सापडलं म्हनून फसवनारे लई झालेत आजकाल. पुन्यांदा आला, पुन्यांदा कट केला. तिसऱ्या टायमाला त्यांनी माजा फौजेतला नंबर म्हनून दावला. मंग म्या उठून उभाच ऱ्हायलो.'

'मग काय बोललात?'

'त्यांनी इचारलं, पेटी तुमचीच हाय का? आता खोटं कशाला बोलू, पोलीस-बिलीस आसंल तर? म्हनलं, पेटी माजी हाय, आतली पेटी माजी न्हाई. त्यांनी लई येळ इचार केला. मंग म्हनले, पेटी कुठं धाडू? म्हनलं, माजी पेटी माज्या घरी.'

'अहो, पण आतली?'

'आतलीचं त्यांनी काय इचारलंच न्हाई,' गहिनीनाथ म्हणाले.

त्यांच्यावर रागवायला काही जागाच नव्हती. फोन ठेवला आणि मी कृपाला सांगून टाकलं की उद्या माझं भजन होणार नाही. पेटीशिवाय मला सूर धरता येत नाही, लोकांसमोर तर नाहीच, तुझ्या सासरच्या माणसांपुढे तुझी मान खाली जायला नको. जावयाने कुणाचा तरी कीबोर्ड आणून देतो म्हटलं. मी नको म्हणून मान हलवली. मला वाटत होतं की हे सगळं मी पेटीसाठी बोलतोय, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तोंडासमोर पेटी नसेल तर लोकांना मी दिसेन, ही भीती.

कृपा नोहाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. ती थांबली.

'पप्पा, तेव्हा पेटी कुठे होती?'

'तेव्हा म्हणजे?'

'मला झोपवताना. तुमच्या हातात मी असायचे. दोन्ही हातांत. पेटी कोण वाजवायचं?'

मी आठवून बघितलं. पेटी तेव्हा वडिलांकडे होती. माझ्याकडे पेटी आली तेव्हा कृपा शाळेत जात होती. मी इतकी वर्षं ते भजन पेटीबरोबरच म्हणत आल्यामुळे, ते पेटीच्या आधीपासून माझ्याकडे होतं हे विसरूनच गेलो होतो. सिल्व्हिया स्वयंपाकघरातून ऐकत होती.

रविवारी चर्चमध्ये नोहाच्या डोक्यावर गार पाणी पडलं आणि त्याने असा गळा काढला की तिथल्या पाळकसाहेबांचे (म्हणजे पाद्रीबाबांचे) शब्द ऐकू येईनात. कृपाने घेतला, थांबेना. जावयाने घेतला, थांबेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं, आणि कृपाने तो रडता गोळा सरळ माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता भजन म्हणू की याला धरू? दोन्ही करावं लागलं.

पहिली ओळ मला स्वतःलाच ऐकू आली नाही. डावा हात सवयीने भाता हलवायला लागला. तिथे भाता नव्हता, नोहाची पाठ होती, तेव्हा हात त्याच्या पाठीवर थापटत राहिला. दुसऱ्या ओळीला नोहा हुंदक्यांवर आला. तिसरीला त्याने माझ्या शर्टाचं बटण धरलं. दुसरं कडवं सुरू केलं तर बाजूने आणखी एक आवाज आला, कृपाचा, मग मागून सिल्व्हियाचा. लग्नानंतर सिल्व्हियाचा गाण्यातला आवाज मी कधी ऐकला नव्हता. (चर्चमध्ये पेटी असते.) भजन संपलं तेव्हा नोहा झोपला होता आणि कृपाची सासू, जिला मराठीचं अक्षर कळत नाही, पदराने डोळे पुसत होती. जावयाने सगळं मोबाईलवर घेतलं आणि तिथूनच आमच्या नगरच्या मंडळीच्या ग्रुपवर पाठवून दिलं. (आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात.)

मंगळवारी आम्ही नगरला परत आलो. ट्रंक आमच्या आधी दोन दिवस येऊन पोहोचली होती. गहिनीनाथनी ती उघडलीसुद्धा नव्हती, आतली पेटी त्यांची नव्हती म्हणून. मी उघडली. पेटीला एक ओरखडा नाही. ट्रंकेवर मात्र 'नाजूक' लिहिलेली चार स्टिकरं, चेन्नईचा एक टॅग आणि शिर्डीचा एक टॅग. या वेळी टॅग कडीला घट्ट बांधलेले होते, निघता निघेनात.

बुधवारी संध्याकाळी आमचे पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडीलधारे घरी आले. भजनाची ती चित्रफीत सगळ्यांनी बघितली होती. एका आजीने तर ती दिवसातून तीनदा लावायला सांगितली म्हणे. पाळकसाहेब म्हणाले की इतकी वर्षं तुम्ही समोर असून तुमचा आवाज असा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी लाजलो. सिल्व्हियाने चहा आणला.

मी नम्रपणे म्हणालो की हे काहीच नाही, तिथे पेटी नव्हती म्हणून, नाहीतर आणखी रंग भरला असता.

वडीलधाऱ्यांपैकी एकाने बिस्कीट चहात बुडवलं ते तसंच बुडवून धरलं. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला.

'भिंगारदिवे, त्याबद्दलच बोलायला आलो होतो. नाताळ तीन आठवड्यांवर आलाय. नाताळच्या उपासनेत तुम्ही गावं, असं मंडळीचं एकमत झालं आहे.'

मला भरून आलं. एकमत आमच्या मंडळीत कशावरच होत नाही. मी म्हटलं, आजपासूनच सराव सुरू करतो, पेटीही तपासून घेतो.

'पेटीचं असं आहे,' पाळकसाहेब जपून म्हणाले, 'त्या सुमाराला तुम्हाला ती विमानाने कुठे पाठवता येईल का? कार्गोने? खर्च मंडळी करेल.'

मी काही न कळून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दोन्ही वडीलधाऱ्यांकडे बघितलं. दोघांनी मान डोलावली.

'फक्त जायचा खर्च,' पाळकसाहेब म्हणाले.